वाढलेली मजुरी मुरते कुठे?

मजुरी वाढवा म्हटलं की ‘मग धंदाच बंद करावा लागेल’ हे उत्तर ठरलेलं असतं. तेरखेड्यातले फटाके करणारे मालक ते देतात, वाशी-कळंब पट्ट्यातले सोयाबीन करणारे शेतकरी देतात, साखर कारखान्यांचे संचालकही देतात. बायकांचं वाक्यही तितकंच ठरलेलं आहे : ‘मजुरी वाढली म्हणत्यात, आमच्या हातात काय वाढलं?’

एम.एस.डब्ल्यू. करताना मजुरी आणि रोजगार यांचा संबंध आम्हाला आलेख काढून शिकवला होता. मजुरीची रेघ वर गेली की रोजगाराची खाली येते. गावात काम करायला लागल्यावर दिसलं की या दोन रेघांच्या मधे बरंच काही घडतं. काम नाहीसं होण्याच्या आधी कामाचं रूप बदलतं. रोजाचं काम गुत्त्याचं होतं, शेडातलं काम घरी येतं, हजेरीपटावरचं नाव मुकादमाच्या वहीत जातं. वाढलेली मजुरी या बदलात मुरते. म्हणून नुसता दर वाढवून मागणं आपल्याला पुरणार नाही, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

शेकड्याचा हिशेब

तेरखेडा हे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातलं, वाशी तालुक्यातलं, सोलापूर-धुळे महामार्गावरचं गाव. शोभेच्या दारूसाठी आणि फटाक्यांसाठी ते राज्यभर ओळखलं जातं. ‘महाराष्ट्राची शिवकाशी’ असंही त्याला म्हणतात. भोवतालची जमीन बहुतेक कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळी झाली की या भागातली कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. अशा ठिकाणी गावात राहून, पोरांची शाळा न मोडता मिळणारं काम म्हणजे मोठा आधार. ‘हे काम बंद करा’ असं इथली एकही बाई मला म्हणालेली नाही, आणि मीही म्हणत नाही.

या कामात बाईच्या वाट्याला येतं ते कागदाच्या नळ्या वळणं, सुतळी गुंडाळणं, वाती लावणं, माल उन्हात घालणं, मोजून पाकिटं भरणं. परवाना, भांडवल, कच्चा माल आणि विक्री पुरुषांच्या हातात. बाईची मजुरी बहुतेक नगावर, म्हणजे शेकड्यावर किंवा हजारावर ठरते. बिघडलेला नग मोजत नाहीत. ढगाळ हवेत माल वाळला नाही तर दिवस वाया जातो, त्याचा मोबदला नाही. घरी आणलेल्या नळ्या वळायला सासू बसते, शाळेतून आलेली पोरगी बसते. त्या हातांची मोजणी कुठेच होत नाही.

आता साधं गणित करू. समजा, दिवसाची किमान मजुरी ४०० रुपये आहे आणि साधारण हाताची बाई आठ तासांत १,००० नग करते. मग शेकड्याचा दर ४० रुपयांच्या खाली असता कामा नये. तो २५ रुपये असेल, तर तिचा दिवस २५० रुपयांवर संपतो. ४०० गाठायचे तर तिला १,६०० नग करावे लागतात, म्हणजे जवळजवळ तेरा तास काम करावं लागतं. उद्या सरकारने किमान मजुरी ४५० केली आणि शेकड्याचा दर २५च राहिला, तर कागदावर मजुरी वाढली आणि बाईच्या हातात दमडीही जास्त आली नाही. मालक मात्र ‘दर वाढले’ म्हणून व्यापाऱ्याशी बोलायला मोकळा.

कायदा याबाबत गोंधळलेला नाही. नगावर काम करणाऱ्याला दिवसाच्या किमान दरापेक्षा कमी मिळता कामा नये, हे १९४८च्या किमान वेतन कायद्यातही होतं. त्याची जागा घेणाऱ्या, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ते आहे. शिवाय पूर्वी सरकारी यादीतल्या धंद्यांनाच किमान वेतन लागू असे. आता ते सर्व कामांना लागू आहे. पण शेकड्याचा दर ठरवताना हे गणित मांडून बघणारं कोणी समोर नसतं. बाई एकटी असते, आणि मालकाच्या दारात दुसरी उभी असते.

दर आणि जीव

फटाक्यांच्या कामात मजुरीचा प्रश्न पैशावर थांबत नाही. नगावर मजुरी म्हणजे घाईवर मजुरी. जितका हात झपझप चालेल तितके पैसे. आणि स्फोटक दारूजवळ घाई म्हणजे काय, हे सांगायला नको. एका शेडात मोजकीच माणसं, मोजकाच माल, असे नियम स्फोटकांच्या कायद्यात आहेत. दिवाळी तोंडावर आली की हेच नियम सगळ्यात आधी मोडतात.

तेरखेड्यात आणि आसपास आजवर अनेकदा स्फोट झाले, माणसं गेली. १ जानेवारी २०२३ला शेजारच्या बार्शी तालुक्यात पांगरी-शिराळे परिसरातल्या फटाका कारखान्यात स्फोट झाला, त्यात कामावरच्या बायका मेल्या. त्याच वर्षी ८ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडमधल्या तळवडे इथे, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या करणाऱ्या विनापरवाना कारखान्यात आग लागली. पहिल्याच दिवशी सहा जणी गेल्या, पुढे रुग्णालयात आणखी. दोन्ही ठिकाणी कामाला बायकाच कशा होत्या? कारण कमी दरात, नावनोंदणीशिवाय, तक्रार न करता काम करणारं माणूस म्हणजे बाई, असा बाजाराचा समज आहे.

आणि मेल्यानंतरही मजुरीचा आकडा तिची पाठ सोडत नाही. कामावर मृत्यू आला तर भरपाई काढायची रीत अशी : महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. १९२३च्या कायद्यातली ही रीत आताच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. वय ३५ असेल तर तो आकडा १९७.०६. महिन्याची मजुरी १२,००० रुपये सिद्ध झाली तर भरपाई ११,८२,३६० रुपये होते. ६,०००च सिद्ध झाली तर ५,९१,१८० रुपये. आणि बाई तिथे कामाला होती हेच सिद्ध झालं नाही, तर? तर तिच्या पोरांना मिळणार ते कोणी सहानुभूती म्हणून हातावर ठेवेल तेवढं. हजेरीपटावरचं नाव म्हणजे नुसती कारकुनी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

सरकार मालक होतं तेव्हा

मजुरी वाढली की मालक काय करतो, हे समजून घ्यायला आपल्याच राज्यातलं एक उदाहरण आहे, आणि त्यातला मालक कोणी शेठ नव्हता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायांना तगवून गेली. १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, असं वचन सरकारने दिलं. पाझर तलावांवर, रस्त्यांवर बायका मोठ्या संख्येने आल्या.

१९८८ साली राज्यातली किमान मजुरी जवळजवळ दुप्पट झाली, आणि तिच्याबरोबर रोजगार हमीचा दरही वाढला. चळवळींची मागणी होती, ती मान्य झाली. आणि मग? त्यानंतर योजनेवरचे कामाचे दिवस घटले. काम मागणारे कमी झाले म्हणून ते घटले का, हे मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी तपासलं. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, मजुरी वाढल्यावर मागेल त्याला काम मिळणं अवघड झालं होतं. दर वाढला, हमी आखडली.

यातून काही जण धडा काढतात की मजुरी वाढवूच नये. मला तो पटत नाही. अर्ध्या मजुरीवर सगळ्यांना काम, याला हमी म्हणत नाहीत, वेठ म्हणतात. मी काढते तो धडा वेगळा आहे. दरावरची लढाई जिंकून आपण घरी गेलो आणि काम किती निघतं, हजेरी कोण लिहितं, यावर नजर ठेवायची राहून गेली, तर जिंकलेलं मागच्या दाराने निघून जातं.

उसातही हेच दिसतं. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. लढून मिळालेली वाढ आहे, तिचं स्वागतच. पण हिशेब ‘कोयत्या’चा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा. उचल नवऱ्याच्या नावे, पैसे नवऱ्याच्या हातात. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईला ३४ टक्क्यांतला किती वाटा मिळाला, हे कोणत्याही करारात लिहिलेलं नाही. आणि दर वाढले की लगेच हार्वेस्टर यंत्राची भाषा सुरू होते. त्या यंत्राला सरकारी अनुदान आहे. हातातलं काम जाणाऱ्या बाईसाठी काय आहे?

मालकाचंही ऐकू

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. तेरखेड्यातला छोटा मालक हा टाटा-बिर्ला नाही. सोयाबीन करणारा पाच एकरवाला तर नाहीच. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात भाव कित्येक दिवस त्याच्या बराच खाली राहिला. अशा शेतकऱ्याकडे बायांनी खुरपणीचे पैसे वाढवून मागितले की तो तणनाशकाचा डबा आणतो. त्याचा राग येतो, पण त्याचा हिशेबही समजतो.

फटाक्यांतही तसंच. माल एका सणाचा, गुंतवणूक वर्षभराची. कच्चा माल महाग. शिवकाशीच्या मालाशी स्पर्धा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांवर निर्बंध घातले, बेरियमच्या क्षारांना बंदी आली, लांबलचक माळांना बंदी आली. शहरातला व्यापारी आगाऊ पैसे देतो आणि भावही तोच ठरवतो. एका मालकाने मला सरळ विचारलं, ‘ताई, मी एकट्यानं दर वाढवला आणि शेजाऱ्यानं नाही वाढवला, तर माझा माल कोण घेईल?’

प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या पोटातच उत्तर आहे. एकट्याने वाढवलं तर तो बुडतो. सगळ्यांनी एकाच दिवशी वाढवलं तर कोणी कोणाला पाडू शकत नाही. मग भाव वाढवून मागायची पाळी व्यापाऱ्यासमोर येते. किमान मजुरीचा कायदा खरं तर चांगल्या मालकाचंही संरक्षण करतो, वाईट मालकाशी स्पर्धा करण्यापासून. पण तो सगळ्यांना सारखा लागू झाला तरच.

हल्ली आणखी एक तक्रार ऐकू येते : ‘लाडकी बहीण’चे पैसे मिळायला लागल्यापासून बाया कामाला येईनात. जुलै २०२४ पासून महिना १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५० रुपये. दिवसाला ५० रुपये मिळाल्यावर बाई एखादं काम सोडू शकत असेल, तर त्या कामाची मजुरी किती होती, हा प्रश्न तक्रार करणाऱ्यानेच स्वतःला विचारावा.

मग मागायचं काय?

मैत्रिणींनो, मजुरी वाढलीच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण तिच्यासोबत आणखी चार गोष्टी मागू या.

पहिली : शेकड्याचा दर दिवसाच्या किमान मजुरीवरून काढायचा, आणि तो काढताना बायकांनी समोर बसून, घड्याळ लावून नग मोजायचे. किमान मजुरीतला महागाईचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. तो बदलला की शेकड्याचा दर बदलला पाहिजे.

दुसरी : प्रत्येकीचं नाव तिच्या स्वतःच्या नावाने हजेरीपटावर हवं आणि मजुरी तिच्या खात्यात. मुकादमाच्या वहीत नको, नवऱ्याच्या नावावर नको. घरी नेलेल्या कामाचीही नोंद हवी.

तिसरी : नव्या व्यवसाय सुरक्षा संहितेत विजेशिवाय चालणारा ‘कारखाना’ ठरायला आता ४० कामगार लागतात, पूर्वी २० लागत. हाताने चालणाऱ्या छोट्या शेडांना ही पळवाट ठरू शकते. पण सामाजिक सुरक्षा संहितेत असंही आहे की केंद्राने धोकादायक म्हणून जाहीर केलेल्या कामाला, एकच कामगार असला तरी, राज्य विमा योजना लागू करता येते. फटाक्यांच्या प्रत्येक शेडाला ती लागू करा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

चौथी : परवान्याचं नूतनीकरण करताना दारूच्या साठ्याबरोबर हजेरीपटही तपासा. साठा किती किलो हे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला माणसं किती, हेही दिसलं पाहिजे.

यातली एकही मागणी धंदा बुडवणारी नाही. या मागण्यांमुळे धंद्याचा खरा खर्च कागदावर येईल, एवढंच. आजवर त्यातला मोठा भाग बाईच्या जागरणात, पोरीच्या बुडलेल्या अभ्यासात आणि भाजलेल्या हातांत दडलेला होता. तो तिथून बाहेर काढला की दिवाळीत शहरातल्या गिऱ्हाईकाला पाकीट थोडं महाग पडेल. पडू दे.