‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर नव्हे

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘सिस्टीम घेत नाही.’ आणि आपण गपगुमान घरी परततो.

समजा, जुन्या रजिस्टरात नाव आहे ‘शेख रशीद शेख करीम’. मराठवाड्यात, खान्देशात आपली नावं अशीच लिहिली जातात. कॉम्प्युटरवर मात्र रकाने तीन: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. भरणाऱ्याने पहिल्यात ‘शेख’ टाकलं, शेवटच्यात ‘करीम’. झालं! रशीदचं आडनाव करीम, त्याच्या मुलाचं शेख. त्यात मोहम्मद, महंमद, नुसतं ‘मो.’ आणि इंग्रजी स्पेलिंगची तऱ्हा वेगळीच. चूक रकाने आखणाऱ्याची, हेलपाटे रशीदला.

पूर्वी हे चालून जायचं. आता चालणार नाही. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ला लागू झाली. तेव्हापासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, सरकारी नोकरी या सगळ्यांना जन्मदाखला हाच पुरावा आहे. नावातला काना-मात्रा किती महाग पडतो, ते आसामने पाहिलं आहे. तिथल्या नागरिक नोंदवहीच्या २०१९च्या यादीतून १९ लाखांहून अधिक माणसं बाहेर राहिली. त्यात मुसलमान होते, हिंदूही होते.

मग कॉम्प्युटरच नको, असं आपल्यातले काही म्हणतात. हा शुद्ध वेडेपणा आहे. वाळवी लागलेलं रजिस्टर गरिबाच्या बाजूने कधीच उभं राहिलं नाही. दफ्तर कॉम्प्युटरवर आणणं ही सरकारची मेहेरबानीही नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ने २००५पासून ते कर्तव्यच ठरवलं आहे.

प्रश्न आहे तो कसं आणायचं याचा. नोंदणी कायद्याचं कलम १५ सांगतं की दुरुस्ती करताना मूळ नोंद बदलायची नाही. दुरुस्ती समासात लिहायची, खाली सही आणि तारीख घालायची. कागदाला जो नियम, तोच कॉम्प्युटरला हवा. कुणी, कधी, कशाच्या आधारे बदल केला ते दिसलं पाहिजे. जुन्या पानाचा फोटो नोंदीला जोडलेला असला पाहिजे. आणि टाइप करताना झालेली चूक कार्यालयानेच फुकट दुरुस्त केली पाहिजे.

आता थोडं आपल्याबद्दल. रात्रभर मोबाइलवर बोटं चालवणारे आपण अम्मीचा दाखला कधी नीट वाचतो का? तो वाचतो एजंट, पैसे घेऊन. दोस्तांनो, जुम्म्याच्या नमाजनंतर एक टेबल टाका. मोहल्ल्यातल्या घराघरातले दाखले, शाळेचे कागद, आधार एकमेकांशी ताडून पाहा. सुरुवात बायकांच्या कागदांपासून करा. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, म्हणून त्याच आधी अडकतात. चूक सापडली की लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि खिडकीवर पुन्हा ‘सिस्टीम घेत नाही’ ऐकू आलं, तर शांतपणे एवढंच म्हणा: ‘हेच कागदावर लिहून सही करून द्या.’