घाईचे निमित्त

निवडणूक जाहीर झाली की मराठी वृत्तपत्रांच्या पानांवर आखाडा उभा राहतो. दोन नेत्यांचे चेहरे दोन पैलवानांच्या धडांवर चढतात, मध्ये एक खुर्ची येते आणि मतदारसंघाची कथा सांगून झाली असे समजले जाते. याविषयी कोणी कुरकुर केली तर उत्तर ठरलेले असते : ‘वेळ कुठे असतो?’ या उत्तराचा एकदा हिशेब मांडायला हवा.

घाई खोटी नाही. माझा एक माजी विद्यार्थी एका दैनिकाच्या मांडणी विभागात आहे. बातमी रात्री साडेनऊला हाती येते आणि पान अकराला सोडायचे असते. त्या दीड तासात चौकटी, आलेख, चेहरे हे सारे त्यानेच जुळवायचे. मजकूर बदलला की चित्रही बदलायचे. माझा रोख त्याच्यावर नाही. वर्षानुवर्षे तोच पैलवान त्याच्या हाती देणाऱ्या संपादकीय सवयीवर आहे.

आम्हां कराडकरांना कुस्तीचे वावडे असण्याचे कारण नाही. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव इथल्याच गोळेश्वरचे. पण म्हणूनच हे रूपक कुठे फसते ते आम्हांला चटकन कळावे. आखाड्यात निकाल पैलवान लावतात, भोवतीचा समुदाय शिट्ट्या मारतो. निवडणुकीत निकाल लावतो तो भोवतीचा समुदायच. कुस्तीचे चित्र काढणारा नकळत मतदाराला प्रेक्षक करून टाकतो. ही केवळ अभिरुचीची चूक नव्हे, अर्थाचीच चूक आहे.

चित्राकडे दुर्लक्ष केल्याने काय पणाला लागते, हे आमच्याच मतदारसंघाने २०२४ साली पाहिले. कराड उत्तर आणि कराड दक्षिण हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ सातारा लोकसभेत येतात. शरद पवारांच्या पक्षाला त्या वर्षी फेब्रुवारीत ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले होते. साताऱ्यात एका अपक्ष उमेदवाराला मिळाले ‘ट्रम्पेट’, म्हणजे लोकांच्या भाषेत पिपाणी. त्याचाही मराठी उल्लेख ‘तुतारी’ असाच झाला, अशी पक्षाची तक्रार होती. ४ जूनला उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी विजयी झाले. पिपाणीला मते पडली ३७,०६२.  त्या मतांपैकी किती चुकून पडली हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही, आणि कोण जिंकायला हवा होता हा माझा विषयही नाही. विषय एवढाच की प्रश्न चित्राचा होता आणि चित्र छापणे हे वृत्तपत्राचे रोजचे काम आहे.

आता वेळेचा हिशेब. उमेदवारी मागे घेण्याची मुदत २२ एप्रिलला संपली, मतदान ७ मे रोजी झाले. हातात पंधरा दिवस होते. सर्व उमेदवारांची सर्व चिन्हे, मतदान यंत्रावरच्या क्रमाने, ठळक आणि स्वच्छ छापायला किती वेळ लागला असता? आपल्या वृत्तपत्राने हे काम किती वेळा केले आणि पैलवान किती वेळा छापले, हे प्रत्येक वाचकाने रद्दी काढून मोजावे.

‘चिन्ह पोहोचवणे हे पक्षाचे काम’ असा आक्षेप येईल. पक्ष आपलेच चिन्ह पोहोचवणार; दोन चिन्हांतला फरक तटस्थपणे दाखवील असा तिसरा कोणी तरी लागतो. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चिन्हे आणली गेली ती वाचता न येणाऱ्या मतदारासाठी. त्या मतदाराशी चित्राच्या भाषेत बोलण्याची सोय वृत्तपत्राकडे आहे, आणि नेमकी तीच जागा आपण खुर्चीला देतो.

निकालाच्या दिवशीही तेच. विधानसभेच्या २८८ जागांपैकी मुंबईत ३६, तर संपूर्ण गडचिरोली जिल्ह्यात ३. क्षेत्रफळाप्रमाणे रंगवलेल्या नकाशात मात्र गडचिरोली डोळ्यांत भरते आणि मुंबई भिंगाखाली शोधावी लागते. प्रत्येक जागेला सारखाच चौकोन देणारा साचा महिनाभर आधी तयार करता येतो. त्या रात्री उरते ते फक्त रंग भरणे.

थोडक्यात, घाई शेवटच्या दीड तासाची असते, पण चित्र काय सांगणार हे ठरवायला संपादकांच्या हाती कित्येक आठवडे असतात. ते आठवडे वाया घालवून दीड तासाकडे बोट दाखवणे हे निमित्त झाले, कारण नव्हे. पुढच्या निवडणुकीत मतदार यादी लागण्याआधी चित्रकाराला बैठकीला बोलवा. अकराला पान सोडणाऱ्या त्या मुलावर तेवढे तरी उपकार होतील, आणि यंत्रासमोर क्षणभर थबकणाऱ्या एखाद्या आजीवरही.