पदवी हाती, कर्ज माथी

खोताचे देणे फिटता फिटत नाही, हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडवडिलांनी भोगले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली. आज त्याच मंडणगड, दापोली, खेड, चिपळूणच्या बौद्धवाड्यांतली मुले-मुली पदवीधर होत आहेत. पण पदवीबरोबर कर्जही घरात येते. हा नवा खोत आम्ही वेळीच ओळखला नाही, तर शिकूनही बांधलेलेच राहू.

कर्ज काढणे हा गुन्हा नव्हे. १९२० साली बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले ५ हजार रुपये एवढीच त्यांची शिदोरी होती. ते कर्ज ज्ञानासाठी होते. आमचा तरुण काय करतो? लोटे-परशुरामच्या कारखान्यात कंत्राटी नोकरी लागली की मोटारसायकल हप्त्यावर, मोबाईल हप्त्यावर आणि लग्नाचा थाट उसनवारीवर. शिक्षणाचे कर्ज तसेच राहते आणि नोटीस येते ती जामीनदार बापाला!

दोष एकट्या तरुणाचा नाही. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, म्हणून बाप कर्ज काढतो. नोकरी कायम नाही, म्हणून हप्ता थकतो. याचा जाब शासनाला विचारलाच पाहिजे. पण लढा चालू आहे म्हणून व्याज थांबत नाही. ४ लाखांवर १० टक्क्यांनी वर्षाला ४० हजार रुपये व्याज चढते. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता नसतो, याचा अर्थ व्याज नसते असा नाही. पहिल्या पगारापासून थोडे थोडे भरावे.

कायदाही माहीत हवा. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचे नाही. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर ठरावीक अभ्यासक्रमांसाठी केंद्राची व्याज अनुदान योजना आहे. वसुलीवाल्याने सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले. बँकेने तक्रारीची दाद ३० दिवसांत घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. हप्ता थकणार असे दिसताच तोंड लपवू नका. बँकेत लेखी अर्ज द्या, मुदत वाढवून मागा आणि पोच घ्या. एका कर्जासाठी मोबाईलवरचे दुसरे कर्ज मात्र कदापि घेऊ नका.

तथागतांनी सिगालाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडचणीसाठी राखून. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख आहे. रोज त्रिसरण म्हणणाऱ्या आम्ही हा उपदेश घरखर्चाच्या वहीत उतरवला आहे काय?

प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार याच कामाला द्यावा. समाजातले वकील, बँक कर्मचारी, शिक्षक यांनी तिथे बसावे आणि मुलांचे कर्जाचे कागद वाचून द्यावेत. सही करण्यापूर्वी वाचून द्यावेत, नोटीस आल्यावर नव्हे. शिकलेल्यांनी समाजाचे ऋण फेडायचे असते. पण जो स्वतःच्याच हप्त्यांत बुडाला, तो ते कधी फेडणार?