डबीचं कौतुक पुरे

हल्ली आपल्या घरांतून दाढीच्या क्रीमची डबी ही मोठेपणाची खूण झाली आहे. जावयाच्या आहेरात डबी, दिवाळीच्या भेटीत डबी, परदेशाहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत डबी. ‘ट्यूब काय, कुणीही वापरतं की,’ असं वर ऐकवतात. माझं मत उलटं आहे आणि ते आडपडदा न ठेवता सांगते: घरात ट्यूबच यावी. ‘दाढी पुरुषांची, तुला काय करायचंय?’ असं कुणी म्हणेल. मला करायचंय! क्रीम महिन्याच्या यादीत आपण लिहितो, गणपत गल्लीतून पिशवी आपण आणतो आणि दाढी झाल्यावर बेसिन आपणच घासतो. मग मत कुणी द्यायचं?

आधी भ्रम एक काढून टाकू. भांडं बदललं म्हणून साबण बदलत नाही. दाढीचं क्रीम म्हणजे मऊ साबणच. त्यात स्टिअरिक ॲसिड, खोबरेलासारख्या तेलातली आम्लं, त्यांचा साबण करणारा पोटॅशचा क्षार, ग्लिसरीन, पाणी आणि वास. फेस किती येणार हे ब्रश आणि पाणी ठरवतं, झाकण नव्हे. डबी बहुधा महाग पडते. आता पाकिटावर दर ग्रॅमची किंमत छापलेली असते. तेल-तूर घेताना बघतो तशी तीही बघा, म्हणजे झाकणाचे किती मोजले ते कळेल.

आता मुख्य मुद्दा. लोणच्याच्या बरणीत ओला हात घालायचा नाही, हे आपल्या घरातल्या पाच वर्षांच्या पोराला कळतं. गाळलेलं पाणीसुद्धा एका मुहूर्तापुरतं, म्हणजे 48 मिनिटं. पुढं पुन्हा गाळायचं. ओल जिथं साचते तिथं जीव होतो, ही आपली शिकवण. आणि त्याच घरात मालक रोज सकाळी थबथबलेला ब्रश उघड्या डबीत खुपसतात! ब्रशाचं पाणी डबीत, कालचे केस डबीत, झाकण उघडं, वर मोरीतली दमट हवा. कडेनं पिवळट पापुद्रा धरतो, एखादं चिलट चिकटून मरतं. स्वयंपाकघरात एवढं सोवळं आणि बेसिनवर मोकळं रान? ट्यूबला हा त्रास नाही. बारीक तोंडातून बाहेर आलेलं परत आत जात नाही, पाणी आत जात नाही, झाकण लावलं की काम झालं.

दुसरं, माप. आपण श्रावक-श्राविका, मुनींची महाव्रतं आपल्याला झेपत नाहीत, म्हणून आपल्याला अणुव्रतं दिली आणि भोगोपभोगाला परिमाण सांगितलं. ‘परिमाण’ हा शब्द प्रवचनात ऐकून मान डोलवायची आणि डबीत तीन बोटं बुडवून हवं तेवढं उचलायचं, याला काय म्हणावं? ट्यूब माप शिकवते. बदामाएवढं क्रीम एका दाढीला पुरतं. डबीत बोटांना अंदाज राहत नाही, आणि जास्त आलेलं परत लावणार कुठं? ते नळाखाली जातं, शिवाय ते धुवायला आणखी पाणी जातं.

डबीची बाजू घेणाऱ्या बायकाही आहेत, त्यांचं ऐकते. त्या म्हणतात, डबीतलं शेवटपर्यंत दिसतं, सगळं निपटून काढता येतं आणि डबी पुन्हा वापरता येते. ट्यूब मात्र कचऱ्यात. यातलं ट्यूबबद्दलचं खरं आहे. पूर्वीची धातूची ट्यूब शेपटाकडून गुंडाळली की गुंडाळलेली राहायची. आताची थरांची ट्यूब पुन्हा फुगते, आत क्रीम अडकतं आणि भंगारवालाही तिला हात लावत नाही. पण अडकलेल्या क्रीमवर उपाय आहे: शेपूट गुंडाळून कपड्याचा चिमटा लावा, संपत आली की कात्रीनं मधोमध कापा; आणखी तीन-चार दाढ्या सहज होतात. कचऱ्यावर मात्र उपाय एकच, कमी वापरणं, आणि तिथं माप पुन्हा कामाला येतं. राहिली डबीची ‘पुन्हा वापरू’ ही गोष्ट. आक्का, तुमच्या फडताळात अशा किती डब्या आहेत? बटणं एकीत, कापूर दुसरीत, बाकीच्या ‘असू देत, लागतील’ म्हणून ठेवलेल्या. रिकाम्या डब्यांचा संग्रह हाही परिग्रहच की!

पण ट्यूब घेतली म्हणजे सुटलो असंही नाही. खाण्याच्या पाकिटावर 2001 पासून ठिपका येतो. बिस्किटाचा पुडा उलटापालटा करून हिरवा ठिपका शोधणारी आपली नजर दाढीच्या क्रीमपाशी का मिटते? स्टिअरिक ॲसिड पामतेलातून निघतं तसं जनावराच्या चरबीतूनही निघतं, ग्लिसरीनचंही तेच. नुसतं नाव वाचून मूळ कळत नाही. 2014 साली साबण, शांपू, टूथपेस्ट, प्रसाधनं यांवरही ठिपक्याचा नियम निघाला, तरी प्रत्येक ट्यूबवर तो सापडेलच असं नाही. सापडला नाही तर दुकानदाराला विचारायचं, कंपनीला लिहायचं. उत्तर नाही आलं तर ती ट्यूब घ्यायची नाही.

आणि तो ब्रश! डुकराच्या केसांचे ब्रश बाजारात मिळतात. ‘बॅजर’ लिहिलेला भारी ब्रश त्या नावाच्या प्राण्याच्या केसांचा असतो. आचार्य शांतिसागर महाराज आपल्याच जिल्ह्यातल्या भोजचे. आपले मुनी हातानं केशलोच करतात आणि जिवाला धक्का लागू नये म्हणून हाती पिंछी धरतात, तीही मोरानं आपणहून टाकलेल्या पिसांची. त्यांच्या पायावर डोकं ठेवून घरी यायचं आणि गालावर डुकराचे केस फिरवायचे? कृत्रिम धाग्याचा ब्रश चांगला फेस काढतो, लवकर वाळतो. तोच घ्या.

म्हणून बायांनो, पुढच्या यादीत ‘दाढीचं क्रीम’ एवढंच मोघम लिहू नका. ‘ट्यूब, हिरवा ठिपका बघून’ असं लिहा आणि यादी घरातल्या पुरुषाच्या हातात द्या. ज्याची दाढी त्यानं ठिपका शोधावा, त्यानं शेपूट गुंडाळावं, त्यानं कात्री चालवावी. बेसिनही त्यानंच पुसावं. आहेरात डबी आलीच तर गोड बोलून घ्या, पण पुढच्या वेळी काय आणायचं ते त्याच वेळी सांगून ठेवा. आपण गप्प बसतो, म्हणून हा मोठेपणा आपल्या मोरीपर्यंत पोचतो.