स्कूबाच्या सिलिंडरमधली हवा: बचत कुठे करावी, कुठे नको

दौलताबादहून सुट्टीत मालवण-तारकर्लीला स्कूबा करायला जाणार असाल, तर हे लक्षात ठेवा. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो. कॉम्प्रेसरने दाबून भरलेली साधी हवा असते. इंजिनाचा धूर त्यात ओढला गेला, तर कार्बन मोनॉक्साइडही भरला जातो. या वायूला वास नसतो. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, तसा त्याचा धोकाही वाढतो: डोकेदुखी, मळमळ, चक्कर, प्रसंगी पाण्यातच शुद्ध हरपणे. युरोपीय मानकात त्याची मर्यादा फक्त ५ पीपीएम आहे.

स्कूबा चालवणाऱ्यांनी स्वस्त फिल्टर शोधण्यात गैर काही नाही. पण नुसता कोळशाचा फिल्टर तेलाची वाफ आणि वास शोषतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. त्यासाठी हॉपकॅलाइट लागते. ते ओलाव्याने निकामी होते, म्हणून आधी हवा कोरडी करणारा थर हवा. माझ्या मते खरी बचत हवा ओढणारा पाइप धुरापासून लांब, वारा येतो त्या बाजूला ठेवण्यात आहे. फिल्टरमधले कार्ट्रिज मात्र ठरलेल्या तासांनी बदलायलाच हवे.

"फिल्टर कधी बदलला?" हे विचारायला संकोच करू नका. पाण्याखाली डोके दुखू लागले, तर लगेच प्रशिक्षकाला खूण करा, त्यांच्यासोबत वर या आणि डॉक्टरांना दाखवा.