काढलेली गाठ तपासणीला गेलीच पाहिजे

हडपसरला सोलापूर रस्त्यालगत लहान-मोठी रुग्णालये आहेत. लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवतकडच्या बायका गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेसाठी तिथे येतात. गर्भपिशवीतली फायब्रॉईडची गाठ म्हणजे कर्करोग नव्हे, हे ऐकून घरच्यांच्या जिवात जीव येतो आणि ते खरेही असते. पण क्वचित या गाठीच्याच पेशी गर्भाशयाच्या शिरांत शिरतात आणि शिरेच्या आतूनच वर वाढत जातात: आधी ओटीपोटातल्या शिरा, मग पोटातली महानीला, काही रुग्णांत तर हृदयाचा उजवा कप्पा. या आजाराचे वर्णन 1896 मध्येच झाले होते. आज त्याला इंट्राव्हीनस लायोमायोमॅटोसिस म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी निरुपद्रवी दिसतात, तरी हृदयाकडे येणारे रक्त अडले तर बाई दगावू शकते. म्हणून काढलेली प्रत्येक गर्भपिशवी, प्रत्येक गाठ पॅथॉलॉजी तपासणीला गेली पाहिजे आणि तिचा अहवाल रुग्णाच्या हाती पडला पाहिजे.

अहवाल इतका महत्त्वाचा का, हे निदान कुठे चुकते ते पाहिले की कळते. पाय सुजतो, धाप लागते, सोनोग्राफीत शिरेत काहीतरी अडकलेले दिसते. पहिला संशय रक्ताच्या गुठळीचा येतो आणि तो रास्तच आहे, कारण गुठळी कितीतरी जास्त वेळा आढळते. रक्त पातळ करणारी औषधे सुरू होतात, पण गाठ त्यांनी विरघळत नाही. टूडी इकोत हृदयात गोळा दिसला, तर तो हृदयातच उगवलेला मिक्सोमा समजला जाण्याचा धोका असतो; मग शस्त्रक्रिया तेवढ्यापुरती होते आणि पोटातला भाग तसाच राहतो. डाय देऊन सीटी स्कॅन केला तर ही गाठ उजळते, कारण तिला स्वतःचा रक्तपुरवठा असतो. साधी गुठळी उजळत नाही. मात्र असा स्कॅन ओटीपोटापासून छातीपर्यंत करायचे आधी कुणाला तरी सुचावे लागते. अनेक रुग्णांची गर्भपिशवी काही वर्षांपूर्वीच काढलेली असते. त्या वेळच्या अहवालात शिरांतल्या पेशींची एक ओळ असली, तर पुढच्या डॉक्टरांना दिशा मिळते. मग स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्तवाहिन्यांचे आणि हृदयाचे सर्जन मिळून, गरज पडल्यास हार्ट-लंग मशीनवर, एकदाच किंवा दोन टप्प्यांत ती गाठ काढतात. ती बहुधा शिरेच्या भिंतीला घट्ट चिकटलेली नसते, ही त्यातली मोठी सोय. इस्ट्रोजेनवर ती पोसते, म्हणून पुष्कळदा बीजकोशही काढावे लागतात. ती पुन्हा उद्भवू शकते, त्यामुळे अनेक वर्षे तपासण्या चुकवता येत नाहीत.

इतक्या दुर्मिळ आजारासाठी प्रत्येकीला खर्चात का पाडायचे, असे कुणी विचारील. फायब्रॉईड असलेल्या प्रत्येकीचा सीटी स्कॅन करा, असे इथे म्हणणे नाही; तसे करणे चूकच ठरेल. काढलेला अवयव तपासण्याचा खर्च शस्त्रक्रियेच्या बिलापुढे लहान असतो आणि या तपासणीचा उपयोग एका दुर्मिळ आजारापुरता नाही. लपलेला कर्करोग तीच दाखवते. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या गरज नसताना काढल्या गेल्याचा प्रश्न 2019 मध्ये गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. शस्त्रक्रिया गरजेची होती की नाही, हे पडताळायलाही हाच अहवाल पुरावा म्हणून कामी येतो. तुकडा तपासला की आजार पसरतो, ही भीती इथे गैरलागू आहे, कारण तपासायचे ते शरीराबाहेर आलेलेच असते. बोटावरच्या किंवा मानेवरच्या निळसर गाठीलाही हाच नियम लावावा. पिएर मॅसन यांनी 1923 मध्ये वर्णिलेली अशी शिरेतली गाठ निरुपद्रवी असते, पूर्ण काढली की बहुधा बरी होते; पण सूक्ष्मदर्शकाखाली ती रक्तवाहिनीच्या कर्करोगासारखी भासते. नुसत्या डोळ्यांनी पाहून तिचा निवाडा करता येत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना विचारा की काढलेला भाग कोणत्या प्रयोगशाळेत जाणार आहे. नंतर अहवाल मागून घ्या, फाईलला लावा आणि पुढे पाय सुजला किंवा धाप लागली तर तो प्रत्येक डॉक्टरला आठवणीने दाखवा.