सुरांचे सभासद

दिवाळीचे आकाशकंदील लागायच्या सुमारास वारणा खोऱ्यात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात, त्यांच्या राहण्याच्या कोप्या उभ्या राहतात आणि कारखान्यात मोळी टाकण्याच्या मुहूर्ताची बोलणी सुरू होतात. आमचा दिवाळी अंकही याच गडबडीत छापखान्यातून बाहेर पडतो. यंदा अंकाची मुद्रिते तपासून घरी परतताना, उसाच्या फडाला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमधून हलगी ऐकू आली. हलगीच्या मागोमाग गिटार आणि कीबोर्ड. मी गाडी थांबवली.

आत पाच पोरे होती. दोघे अभियांत्रिकीला शिकणारे, एक पहाटे दुधाचा टेम्पो चालवणारा, एक दुकानात कामाला आणि हलगीवाला वडिलांकडून हात शिकलेला. २०१९ च्या महापुरात नदी घरात शिरली तेव्हाचे गाणे त्यांनी स्वतः लिहिले होते, स्वतःच चाल लावली होती. पाणी चढत जाते तिथे हलगी एकटी वाजते आणि ती थांबली की काही क्षण कोणीच काही वाजवत नाही. ती शांतता ऐकून माझ्या अंगावर काटा आला. गाणे संपल्यावर मी विचारले, हे गावात कधी वाजवले का?

"नाही काका. फोनवर टाकलंय. पुण्या-मुंबईतनं लोकांचे मेसेज येत्यात, दुबईतनं पण आले. गावात काय, जत्रेला डॉल्बीच ठरलेला असतोय."

महापुराचे गाणे दुबईत पोहोचते आणि ज्या गावात पाणी शिरले होते तिथे ते वाजत नाही. अंकाचे संपादकीय कशावर लिहायचे हे मला त्या शेडमध्ये कळले.

वारणानगरात बसून हा विषय लिहिणे सोपे आहे, कारण इथे याचे उत्तर एकदा दिले गेले आहे. विश्वनाथ अण्णा कोरे, म्हणजे आपले तात्यासाहेब. त्यांनी माळरानावर सहकारी साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्यांकडून भाग गोळा करताना त्यांना किती उंबरे झिजवावे लागले ते जुन्या सभासदांच्या घरांत आजही सांगितले जाते. कारखान्यामागून दूध संघ आला, शाळा-महाविद्यालये आली, वारणा बझार आला. आणि याच माणसाने वारणा बालवाद्यवृंद उभा केला. साखर, दूध आणि किराणा यांच्या रांगेत त्यांनी वाद्ये नेऊन बसवली. ज्या घरांत भजनाच्या टाळ-मृदंगापलीकडे वाद्य आले नव्हते, अशा घरांतली पोरे एकत्र बसून देशी-विदेशी वाद्ये वाजवू लागली आणि वारणेचे नाव महाराष्ट्राबाहेर घेऊन गेली.

बालवाद्यवृंदाचे कौतुक करताना आपण नेहमी मुलांच्या कसबाबद्दल बोलतो. मला त्याहून मोठी वाटते ती मागची व्यवस्था. पोरांना वाद्ये कोणी दिली, शिकवणाऱ्याचा पगार कोणी भागवला, तालमीची जागा कुणाची होती? हा सगळा भार संस्थांनी उचलला, आणि संस्था म्हणजे शेवटी उसाचे टन आणि दुधाचे लिटर घालणारा सभासद. त्याला कदाचित ठाऊकही नसेल, पण त्या व्हायोलिनच्या तारेत त्याचा भाग होता. मुलांच्या आईबापांना वाद्य विकत घ्यावे लागले असते, तर त्या वृंदात किती मुले दिसली असती याचा प्रत्येकाने आपल्या घराच्या हिशोबाने विचार करून पाहावा.

आपल्या मुलखात कलावंतांना जगवण्याच्या आणखीही रीती होत्या. शाहू महाराजांनी १८९५ च्या सुमारास अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापुरात आणले. त्यांची जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली ती या राजाश्रयामुळे. त्याच कोल्हापुरात १८८३ पासून गायन समाज देवल क्लब आहे. तिथे राजा लागत नव्हता. गाण्याच्या ओढीने एकत्र आलेले सभासद होते आणि त्यांची वर्गणी होती. राजाश्रय संपला, संस्थाने विलीन झाली, क्लब मात्र टिकला. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला बरेच काही समजते.

तिसरी रीत तमाशाच्या फडाची. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी १८६६ साली जन्मले आणि पठ्ठे बापूराव म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. जातीचे, घराचे सगळे बंध तोडून त्यांनी स्वतःचा फड उभारला, स्वतः लिहिलेल्या लावण्या स्वतः म्हटल्या आणि तमाशातली नर्तकी पवळा हिच्यासोबत मुंबईच्या थिएटरांपर्यंत मजल मारली. आजच्या भाषेत त्यांना स्वतंत्र कलावंत म्हणता येईल. त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले. डफ, तुणतुणे आणि दमदार आवाज एवढ्या भांडवलावर गिरणगावातल्या चाळी आणि मैदाने भरली. सरकारने त्यांच्या प्रयोगांवर बंदी घातली तरी माणसे ऐकायला येत राहिली. वारणेच्या दोन्ही तीरांवरच्या माणसांनी हा वारसा विसरता कामा नये. आपल्याकडे गाणाऱ्याला श्रोता गोळा करायला कोणी शिकवावे लागत नव्हते.

फडाला श्रोता कसा मिळायचा ते बघण्यासारखे आहे. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे येतात, तारीख ठरते, सुपारी फुटते. जत्रेच्या रात्री फड चांगला रंगला की पुढच्या वर्षी तेच गाव त्याच फडाला बोलावते. शेजारच्या गावचा पाहुणा तमाशा बघून जातो आणि त्याच्या गावात शब्द टाकतो. एक गाव, मग दहा गावे, मग तालुका. कवलापूरच्या काळू-बाळूंचे नाव सगळ्या महाराष्ट्रात झाले ते याच वाटेने. श्रोता हा एका रात्रीत मिळायचा नाही. तो वर्षावर्षाने जोडला जायचा आणि गावाच्या पट्टीच्या पैशाने तो संबंध पक्का व्हायचा.

मात्र या रीतीतले दुःखही सांगितले पाहिजे. पठ्ठे बापूराव १९४५ साली पुण्यात वारले तेव्हा त्यांच्यापाशी काही उरले नव्हते. लावण्या सगळ्यांच्या ओठांवर होत्या, पण त्यातला पैसा त्यांच्या म्हातारपणापर्यंत आला नाही. पुढे कॅसेटच्या काळात कितीतरी लोकगायकांनी एकरकमी पैसे घेऊन गाणी देऊन टाकली. गाणे घराघरांत वाजले आणि गाणारा पुढच्या जत्रेच्या सुपारीची वाट बघत बसला.

आता काळ बदलला आहे आणि चांगलाही बदलला आहे, हे मी मोकळ्या मनाने म्हणतो. १९९८ मध्ये वारणा परिसरातली सुमारे ७० गावे संगणकाने जोडायचा प्रकल्प इथे सुरू झाला, तेव्हा उसाचे वजन आणि बिल गावातच कळेल याचे अप्रूप होते. आज त्याच गावांतल्या पोराच्या खिशात अख्खा स्टुडिओ आहे. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडने २०२४ मध्ये स्वतः लिहून गायलेली 'गुलाबी साडी' न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या फलकावर झळकली. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे 'तांबडी चामडी' हे मराठी नाचगाणे एका डच कंपनीने जगभर काढले. मोठ्या चित्रपट कंपनीच्या दारात न जाता, मराठीतच राहून हे झाले. याचा मला अभिमान आहे.

पण शेडमधल्या त्या पाच पोरांकडे बघताना मला सलील कुलकर्णी आणि संदीप खरे जास्त आठवले. त्यांचा 'आयुष्यावर बोलू काही' हा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला, तेव्हा नव्या कविता आणि नव्या चाली ऐकायला कोणी तिकीट काढून येईल का, हाच प्रश्न होता. लोक आले, पुन्हा आले, घरच्यांना घेऊन आले. कित्येक वर्षे सभागृहे भरत राहिली. फोनवर गाणे पुढे सरकवणारा माणूस आणि खिशातून तिकिटाचे पैसे काढून दोन तास खुर्चीवर बसणारा माणूस, यांच्यात फार अंतर आहे. बँड जगतो तो दुसऱ्या माणसावर. लाखभर लोकांनी अर्धा मिनिट ऐकल्याने हलगीवाल्याचे घर चालत नाही. पंचक्रोशीतले पाचशे लोक वर्षातून चार वेळा त्याच्यासमोर येऊन बसले, तर चालू शकते.

हे पाचशे लोक आपल्याकडे नाहीत का? आहेत. पैसा नाही का? तोही आहे, आणि तो कुठे जातो हे आपण सगळे दरवर्षी कानांनी ऐकतो. ट्रकभर उंचीची साउंडची भिंत मिरवणुकीत शिरते तेव्हा घराच्या काचा थरथरतात, म्हातारी माणसे आतल्या खोलीत जाऊन बसतात. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, वर्षातून ठरावीक दिवसच ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल होते. हा २००० सालचा नियम आहे. गंमत नव्हे, दुःख असे की या नियमाचा फटका भिंतीआधी तमाशाच्या कनातीला बसला. रात्रभर चालणारा वग दहाला गुंडाळावा लागतो. भिंत मात्र दिवसाढवळ्या मर्यादा ओलांडून निघून जाते.

मी डॉल्बीवाल्या पोरांचा शत्रू नाही. तेही आपल्याच गावचे आहेत, कर्ज काढून त्यांनी स्पीकर घेतले आहेत. माझी तक्रार मंडळांच्या हिशोबाशी आहे. वर्गणीच्या वहीत साउंडला जो आकडा पडतो, त्याच्या शेजारी वाजवणाऱ्या माणसाच्या नावाने काहीच नसते. मागे एका गावात आमच्या ओळखीच्या बँडला एका समारंभात बोलावले, दोन गाणी झाल्यावर मध्येच बंद करायला सांगितले आणि ठरलेल्या बिदागीतले निम्मे पैसे हातावर टेकवले. "पोरं हौसेनं वाजवत्यात," असे वर ऐकवले. हौस त्यांना आहेच. पण हौशी म्हणून ऊस फुकट घालायला कोणी सांगत नाही, दुधाचे बिल दहा दिवस लांबले तर आपण संघाच्या दारात जातो. वाजवणाऱ्याचा घामही तितकाच खरा आहे.

म्हणून मला वाटते, आपण जे उसाबाबत केले ते सुरांबाबत करावे. आपल्या भागातल्या माणसाला सहकार शिकवावा लागत नाही. शंभर जणांनी पाचपाचशे रुपयांचा भाग घातला तर पन्नास हजार होतात. एका बँडच्या चार संध्याकाळी त्यातून उभ्या राहतात. गावातल्या तालमीने, भजनी मंडळाने, पतसंस्थेने किंवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी असे भाग गोळा करावेत. लाभांश म्हणून सभासदाला चार संध्याकाळी पहिल्या रांगेत बसायला मिळेल. कार्यक्रमात निम्मी गाणी बँडची स्वतःची असावीत ही एकच अट घालावी. जुनी गाणी ऐकायला सगळ्यांनाच आवडतात, मलाही. पण नुसती दुसऱ्याची गाणी वाजवून घेतली तर आपण त्या पोरांना कायमचे वाजंत्री करून ठेवू.

शाळांच्या संस्थाचालकांनाही एक सांगणे आहे. बालवाद्यवृंद घडवणाऱ्या मुलखात संगीताची खोली कुलूपबंद राहू नये. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते कारागीर आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहेत. मुलांची सहल पन्हाळ्याला जाते तशी एकदा मिरजेच्या त्या गल्लीतही जावी. भोपळ्याचा तुंबा कसा कापतात, तंबोऱ्याची जवारी कशी लावतात, हे दहा वर्षांच्या पोराने एकदा बघितले की तो वाद्याकडे पुन्हा कधी नुसती वस्तू म्हणून बघणार नाही.

आणि वाजवणाऱ्या पोरांनो, तुम्हालाही. गाणे फोनवर टाकण्याआधी ते कुणी लिहिले, चाल कुणाची, वाटा किती, हे साध्या कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी १९६९ पासून आयपीआरएस ही संस्था आहे, तिथे नाव नोंदवा. २०१२ साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे स्वामित्वधनातला तुमचा वाटा कोणी एकरकमी पैशाच्या बदल्यात लिहून घेऊ शकत नाही. पठ्ठे बापूरावांच्या हाती हे शस्त्र नव्हते. तुमच्या हाती आहे.

हा अंकही तसा तुमच्या भागभांडवलावरच चालतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस दरवर्षी पदरचे पैसे घालून कथा-कविता विकत घेतो आहे. आमचे काही वर्गणीदार वीस-वीस वर्षे पैसे आगाऊ भरतात, अंकात काय असणार हे न विचारता. लिहिणाऱ्याला जो विश्वास तुम्ही देता, तोच गाणाऱ्यालाही द्या, एवढेच मागायला हे पान वापरले आहे.

शेडमधल्या पोरांना मी या अंकाच्या प्रकाशनाला वाजवायला बोलावले आहे. बिदागी आगाऊ दिली आहे. चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या मागेपुढे तुमच्या गावच्या जत्रेची बैठक देवळात बसेल, सुपारी कुणाला द्यायची हा विषय निघेल. त्या बैठकीला जा, आणि तुमच्या गल्लीत रात्री तालीम करणाऱ्या पोरांचे नाव तिथे मोठ्याने सांगा.